टाकीचं कुलूप

मैत्रिणींनो, सासूबाईंना घेऊन दवाखान्यातून आत्ताच आलेय.

यंदा पाणी चोरीला जातं म्हणून आमच्या लातूरच्या गल्लीत दारातल्या टाक्यांना कुलपं आहेत. दुपारी स्वयंपाकघरात सासूबाईंचा पदर पेटला. मी तो ओढून पायाखाली विझवला, पण त्यांचा दंड भाजलाच. वर ओतायला पाणी हवं होतं. टाकीला कुलूप, अन् किल्ली ह्यांच्या खिशात, हे गेलेले औशाला!

माझी ओरड ऐकून शेजारच्या भाभी घागर घेऊन धावल्या.

"भाभी, हे तुमचं प्यायचं पाणी..."

"ते राहू दे गं, आधी वत!"

सासूबाई आता बऱ्या आहेत. म्हणाल्या, "किल्ली माझ्याच गळ्यात बांध."

हे परत येताच त्यांच्या जुडग्यातली एक किल्ली ओट्याजवळ टांगली. दुसरी भाभींना दिली.

तुमच्या टाकीची किल्ली आत्ता कुणाकडे आहे?