सत्ताविसावा प्रश्न

मेजरसरांच्या शब्दकोशाचे तिन्ही खंड छापून तयार होते. घोडे अडले होते ते दोन पानी प्रस्तावनेपाशी. प्रकाशकाचे फोन घेऊन मुलीचे कान किटले, तेव्हा एका सकाळी ती टाइपरायटर घेऊन वडिलांच्या खोलीत ठाण मांडून बसली. तुम्ही सांगा, मी टाइप करते, आज संपवूनच उठायचं, असे तिने बजावले.

मेजरसर काही मुळातले पंडित नव्हेत. युद्ध संपल्यावर हरलेल्या देशात पलटणीबरोबर गेलेला हा तिशीतला अधिकारी तिथली भाषा घेऊन परतला आणि पुढची चाळीस वर्षे तीच शिकवत बसला. सरांना ती कशी आली, याबद्दल विद्यार्थ्यांत भलत्यासलत्या कथा होत्या. सर त्यावर नुसते हसत. अलीकडे त्या हसण्याचाही त्यांना शीण येई.

तिथल्या एका गावात शाळा पुन्हा सुरू करायचे काम त्यांच्याकडे होते. प्रत्येक शिक्षकाने चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. सत्ताविसावा प्रश्न असा: जुन्या राजवटीच्या पक्षाचे तुम्ही सभासद होता का? साऱ्यांनी बेधडक ‘नाही’ लिहिले. फक्त एका म्हाताऱ्या मास्तरांनी ‘होय’ लिहिले. नोकरी टिकावी म्हणून दोन वर्षे होतो, हेही खाली लिहिले. नियम सरळ होता, ‘होय’ म्हणजे घरी बसा. खोटे बोललेले सगळे पास झाले.

आणि हेच मास्तर रोज संध्याकाळी साहेबांना, म्हणजे तेव्हाच्या मेजरसरांना, भाषा शिकवायला येत. साहेबांच्या खोलीत शेगडी होती, तेवढीच त्यांना ऊब. निघताना दारात विचारत, शाळा कधी उघडणार? त्यांचा फॉर्म तिथेच टेबलाच्या खणात पडलेला. साहेब सांगत, वरून हुकूम यायचाय. वरून काही यायचे नव्हते, मास्तरांना घरी बसवणाऱ्या पत्रावर साहेबांचीच सही राहिली होती. शिकवणी बुडेल म्हणून त्यांनी ती सही हिवाळाभर लांबवली. इतकी साधी आणि इतकी ओशाळवाणी गोष्ट.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मास्तरांना ते पत्र गेले. संध्याकाळी मास्तर नेहमीच्या वेळी हजर. कोट खुंटीला अडकवून ते बसले आणि पत्र त्यांनी टेबलावर ठेवले.

“आज हेच वाचू. मोठ्याने वाचा.”

साहेबांनी वाचले, अगदी आपल्या सहीपर्यंत. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

“उच्चार छान झालेत तुमचे,” ते म्हणाले. “आता माझी गरज नाही.”

कोट चढवून ते गेले, ते पुन्हा आले नाहीत.

“‘एका स्थानिक शिक्षकाच्या सहकार्याने’, हेच लिहू ना?” मुलीने विचारले. आजवरच्या प्रत्येक पुस्तकात तेच वाक्य होते. सर त्याला पार विटले होते. नको म्हणाले, आणि फॉर्मपासून पत्रापर्यंत सगळे सांगितले, मास्तरांच्या नावासकट. मुलगी टाइप करत राहिली, पण तिची बोटे मंदावत गेली. कागद काढून तिने तो हातातच धरून ठेवला.

“बाबा, आज राहू दे. उद्या शांतपणे बघू.”

“एक सही अशीच लांबवली होती मी,” सर म्हणाले. “आण इकडे.”

तिने कागद पुढे केला. त्यांनी आधी तो मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग सही केली.