एक पुरं गाणं

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात एकच रेडिओ होता, तो आमच्या बाबांचा. शेती बरी होती म्हणून हा शौक परवडला. हैदराबादेहून आणलेली, वर मूठ असलेली पेटी. आत बॅटरी आणि झाकणात स्टेशन धरणारं तारेचं वेटोळं. पेटीचं तोंड जरा फिरवलं की एक स्टेशन बुडायचं, दुसरं वर यायचं. घरात पत्र्याखाली नुसती खरखर. म्हणून दिवेलागण झाली की बाबा पेटी उचलून खळ्यावर जायचे.

गावाला वाटायचं, हे गाणी ऐकतात. कशाची गाणी! त्यांना फक्त लांबचं स्टेशन धरायचं असायचं. मुंबई लागली, नाव कानावर पडलं, की मुंबईचं काम झालं. लगेच मद्रास, मग कोलंबो. गाणं रंगात आलं की यांचा हात नेमका बटणावर. मला त्या हाताची चीड यायची.

माय त्या वर्षी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. वैद्यांनी हात टेकले होते. घरात कुणी बोलत नव्हतं, पण तिला कळून चुकलं होतं. एका दुपारी ती मला म्हणाली, "या पेटीतलं एक बी गाणं म्या पुरं आयकलं न्हाई बघ. एकदा आयकायचं हाय."

मी बाबांना ते चांगलं फटकारूनच सांगितलं. त्यांनी पेटी उघडून आत बघितलं. मग म्हणाले, "बॅटरी उतरून राहिली, पोरी. नांदेडात बी दुसरी मिळंना." लढाईपायी बॅटऱ्या बाजारातून गायबच झाल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी रेडिओला हात लावला नाही. बॅटरी तेवढी काढून रोज उन्हात ठेवायचे. उन्हानं तिच्यात थोडी धुगधुगी येते, असं त्यांचं म्हणणं.

मग एका संध्याकाळी आम्ही मायला बाजेसकट खळ्यावर नेलं. मुंबई लागली. कुण्या बाईचं संथ गाणं सुरू झालं. माय डोळे मिटून पडली होती. सवयीनं बाबांचा हात बटणाकडे गेला, आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, "राहू द्या नं." हात मागे आला.

दुसऱ्या कडव्याला आवाज बारीक होऊ लागला. बाबांनी पेटी उचलून तिच्या कानाशी धरली. ओळ अर्ध्यावर असतानाच सगळं बंद पडलं, खरखरसुद्धा.

"संपलं का?" मायनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "पुरं झालं."

"लई गोड म्हणलं बाईनं," माय म्हणाली. "आता आत न्या मला."