तिचा परिचय मी लिहिला

आमच्या कॉलेजात चीनच्या आर्थिक धोरणावर एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी माझ्यापुढे दोन पाहुण्यांचे बायोडाटा ठेवले. परिचय लिहायचं काम माझ्याकडे येणारच होतं. लातूरला मी बावीस वर्षं आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवतेय आणि माझी पीएचडीही भारत-चीन व्यापारावरच आहे. पहिले पाहुणे पुण्याचे, वाणिज्य खात्यातून निवृत्त झालेले. शिष्टमंडळं, करारांच्या वाटाघाटी, दोन पुस्तकं. त्यांचा परिचय मी दहा मिनिटांत लिहून टाकला. दुसरा कागद उलटला आणि वरचा फोटो पाहून माझा हात थांबला.

ती माझी नांदेडची मैत्रीण होती.

तिला मी टीव्हीवर पाहत आले होते. खरं सांगायचं तर पाहायचं टाळत आले होते. चीननं काही केलं, कुठं बंदर बांधलं, कुठल्या मालावर बंदी घातली, की चर्चेतल्या त्या चौकटींमध्ये तिचा चेहरा दिसायचा आणि खाली पट्टी यायची, ‘चीन व्यापार तज्ज्ञ’. स्टाफच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तिची क्लिप टाकायचं. मी उघडायची नाही. आणि मग दुपारी स्टाफरूम रिकामी झाली की उघडायची.

विद्यापीठात एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या वडिलांचं नांदेडच्या इतवारा बाजारात खेळण्यांचं आणि कटलरीचं ठोक दुकान होतं. माहूरचे दुकानदार त्यांच्याकडून बाहुल्या, शिट्ट्या, प्लास्टिकच्या बांगड्या भरून न्यायचे. माझे वडील शाळामास्तर. नोट्स मी काढायची, ती उतरवून घ्यायची. तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत तिला मीच समजावला होता. ज्याला जे तुलनेनं स्वस्तात जमतं ते त्यानं बनवावं, बाकीचं एकमेकांकडून घ्यावं; इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू, प्रत्येक पुस्तकात असतं तेच उदाहरण. ती वहीकडे बघत म्हणाली, “पण यात दलाल कुठंय गं? इंग्लंडचं कापड चांगलं हाय, हे पोर्तुगालात जाऊन सांगितलं कुणी?”

मी हसले होते. परीक्षेत दलालावर प्रश्न येत नसे. पहिल्या वर्षी मी विद्यापीठात पहिली आले आणि ती कशीबशी पास झाली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिचे वडील तिला घेऊन आमच्या घरी आले. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून माल घेण्याऐवजी थेट चीनमधून आणायचा, असं त्यांच्या मनात होतं. सोबत येणारा त्यांचा भाऊ ऐनवेळी मागं सरला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलीला घेऊन चाललो आहे, पण ती एकटी पडेल, असं ते माझ्या वडिलांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दोनों साथ चलो ना बेटा. तेरा अंग्रेजी अच्छा है. पंधरा दिन की तो बात है.”

माझे वडील नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “तुझं तू ठरव.”

मी म्हटलं, “चाचा, माझी सेटची परीक्षा आहे.”

परीक्षेला तेव्हा अजून तीन महिने होते.

ती गेली ती पंधरा दिवसांनी आली नाही. परत आल्यावरही एम.ए. पूर्ण केलं नाही. सेट मी पास झाले, लातूरला नोकरी लागली, लग्न झालं. चीनवर प्रबंध लिहिला, तोही लातूरच्या ग्रंथालयात बसून. माझा पासपोर्ट आजही कोरा आहे.

आता तिचा व्यावसायिक प्रवास माझ्यासमोर दोन पानांत मांडलेला होता. दहा वर्षं चीनमधल्या बाजारांत आणि कारखान्यांत मालाची खरेदी व तपासणी. चिनी भाषेचा अभ्यासक्रम. मग आयातदारांची सल्लागार, मग दिल्लीतल्या एका अभ्यासगटात चीनच्या औद्योगिक धोरणाची जबाबदारी. मी ते पेन्सिल हातात घेऊन वाचत होते, विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसं. पीएचडी नाही. एम.ए.सुद्धा नाही. शोधनिबंध असे नाहीतच. सगळ्यात वर मात्र एक वाक्य होतं: ‘माझं पहिलं शिक्षण वडिलांच्या नांदेडच्या खेळण्यांच्या दुकानात झालं, माल हातात घेऊन कसा ओळखायचा, हे त्यांनी शिकवलं.’

हे वाक्य ऐकलं की पोरं टाळ्या वाजवतील, हे मला लगेच कळलं. पन्नास मिनिटांच्या तासाला माझ्या वर्गात जांभया देणारी पोरं.

मी ते वाक्य काढून टाकलं. आणि शिक्षणाच्या रकान्यात, जिथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं, तिथं लिहिलं: ‘एम.ए. (अर्थशास्त्र), अपूर्ण.’

चर्चासत्राच्या दिवशी ती साधा कॉटनचा ड्रेस घालून आली. केस पिकलेले, रंगवलेले नाहीत. मला पाहून तिनं कडकडून मिठी मारली. “अगं, तू तशीच हायस!” ती म्हणाली, आणि मलाही क्षणभर बरं वाटलं. मग मी माइकसमोर उभी राहिले आणि परिचय वाचला. ‘अपूर्ण’ या शब्दावर मी जरा थांबले. मुद्दामच थांबले. मागच्या रांगेत कुजबुज झाली. ती माझ्याकडे बघत होती.

ती बोलायला उठली. हातात कागद नव्हता. “मॅडमनी सांगितलं ते बरोबर हाय, एम.ए. माझं राहूनच गेलं,” अशी सुरुवात करून तिनं थेट एका कारखान्याची हकिगत सांगितली. चावी दिली की उड्या मारणारे खेळण्यातले बेडूक मागवले होते. नमुना चांगला दाखवला आणि पेट्यांत भलताच माल भरला. ती आठ दिवस कारखान्याच्या दारात स्टूल टाकून बसली. मालक हलेना. शेवटी तिच्या लक्षात आलं, की मालक तिला भीत नाही, गिऱ्हाइकाला भीत नाही, पण गावच्या सरकारी साहेबाचा फोन आला की उभा राहून बोलतो. जमीन त्या साहेबानं दिली होती, वीज त्यानं दिली होती, आणि कारखान्याचं नाव खराब झालं तर साहेबाची बढती अडत होती. ती साहेबाकडे गेली. दुसऱ्या दिवशी माल बदलून मिळाला. “चीनचं धोरण मला त्या दिवशी कळालं,” ती म्हणाली. “पुस्तकं मी त्यानंतर वाचली.”

सभागृहात कुणी जांभई दिली नाही. मी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत होते, जुन्या सवयीनं. या वेळी उतरवून घेणारी मी होते.

जेवण झाल्यावर तिची नांदेडला जायची गाडी यायला दोन तास होते. ती म्हणाली, “चल, सोयाबीनचं मार्केट दाखव. चीन कुणाकडून किती सोयाबीन घेतो, त्यावर इथलं काय काय हलतं, मला बघायचंय.”

रिक्षात बसल्यावर मी तिला सांगितलं नाही, की मार्केट यार्डात मी कधी आत गेलेच नाही. पण फाटकातून कुठं वळायचं हे मला कळेना आणि तिच्या ते ध्यानात आलं. ती पुढं झाली. एका आडत्याच्या दुकानापुढे ढिगात हात घालून तिनं मूठभर सोयाबीन वर काढलं, दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली फोडला. “हवा लई हाय यात, ओल हाय अजून.” आडत्या हसला. “ताई, तुम्ही व्यापारातल्या दिसता.” त्यानं दोन खुर्च्या मागवल्या. अर्धा तास दोघं बोलत राहिले, ब्राझीलचं पीक, पेंडीची निर्यात, शिकागोच्या बाजारातला भाव. तो मोबाइलवर भाव दाखवत होता. आडत्यानं मला विचारलं, “तुम्ही काय करता, मॅडम?”

“शिकवते,” मी म्हटलं. काय शिकवते ते सांगितलं नाही. त्या ढिगाजवळ उभं राहून मला तिचा इतका मत्सर वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं असं दाखवत मी पदरानं पुसलं.

बाहेर पडताना ती म्हणाली, “ते ‘अपूर्ण’ तू लिहिलंस ना?”

“हाव.”

“ते खरंच हाय, त्याचं काही न्हाई. पण दुकानाचं वाक्य का काढलंस? अब्बा जाऊन दोन वर्षं झाली. मी जिथं बोलते तिथं ते पहिलं वाक्य असतं. आज लातुरात बोलायचं होतं, आपल्याकडं.”

ते गेल्याचं मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. “चुकलं माझं,” मी म्हटलं. “तुझा राग नव्हता गं. जळत होते तुझ्यावर.”

“माहितंय,” ती म्हणाली. “चुकलं हे खरंच.”

तिनं माझी समजूत घातली नाही. स्टँडवर गाडी आली, तिनं हात हलवला आणि गेली.

चर्चासत्राचा अहवाल छापायला गेला तेव्हा मी तिचा परिचय तिनं पाठवला होता तसाच, पहिल्या वाक्यासकट घातला आणि तिला प्रत पाठवली. तिचं उत्तर आलं, “मिळालं.” एवढंच.

त्या हिवाळ्यात मी एम.ए.च्या पोरांना यार्डात घेऊन गेले. आडत्यानं मला ओळखलं. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, चीननं सोयाबीन कमी घेतलं तर आपल्या पेंडीचं काय होतं?” मला पुस्तकातलं उत्तर येत होतं, पण तिथं, त्या ढिगासमोर, ते तोंडातून निघेना. मी बाजूला जाऊन मैत्रिणीला फोन लावला. उचलणार नाही असं वाटलं होतं.

“बोल,” ती म्हणाली. मागे विमानतळाच्या सूचना ऐकू येत होत्या.

तिनं पाच मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं, रेणापूरच्या शेतकऱ्यापासून परदेशातल्या बंदरापर्यंत. मी वहीत लिहून घेतलं आणि पोरांना जसंच्या तसं सांगितलं, कुणी सांगितलं तेही सांगितलं. पोरं खाली मान घालून लिहीत होती, आणि माझ्या छातीत पुन्हा तीच जळजळ सुरू झाली होती.