खुब्याच्या रिपोर्टातली शेवटची ओळ

शहागडला हायवेलगत कडूबाचं पंक्चरचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न, ओठांत कायम बिडी, आणि विश्वास कुणावरच नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या खुब्यात कळ बसली. पाय टेकवेना, तेव्हा बायको नंदाबाई त्याला जालन्याला घेऊन गेली. हाडाच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून खुब्याचा एमआरआय करायला सांगितला.

एमआरआय झाल्यावर सेंटरमधल्या, फोटो तपासून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर चिन्मयीने दोघांना आत बोलावलं. "खुब्याची झीज आहे, त्याला गोळ्या आणि व्यायाम पुरेल. पण याच फोटोत शेजारचं मूत्राशय दिसतं. त्याच्या भिंतीवर छोटी गाठ आहे. शिरेतलं औषध गेल्यावर ती उजळली, म्हणजे तिला रक्तपुरवठा आहे. ती कसली, ते लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून तपासल्यावरच कळेल. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत तसं लिहिलंय."

"म्या खुबा दाखवायला आल्तो, मुतायची जागा न्हाई!" कडूबा ओरडला. "ती शेवटची वळ खोडा. तुमची सगळ्यांची मिलीभगत हाय."

"खोडणार नाही." चिन्मयीचाही आवाज चढला. "दिसलं ते लिहिणारच. माझ्यावर भरवसा नसेल तर दुसऱ्याला दाखवा, पण दाखवा."

कडूबाने रिपोर्ट टराटरा फाडला आणि लंगडत बाहेर पडला. नंदाबाईने दुसरी प्रत मागून घेतली.

घरी आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमचे पायजमे कोण धुतं? दोनदा लाल डाग व्हते. इचारलं तर म्हनलात, उन्हाळी लागली."

"तोंड बंद कर."

"न्हाई करत. दुर्बीण करून या, मंगच माझ्या हातची भाकर."

आठ दिवस तो धाब्यावर जेवला. नवव्या दिवशी तो न सांगता स्टँडवर जाऊन जालन्याच्या बसमध्ये बसला. नंदाबाईही त्याच बसमध्ये चढली आणि मागच्या सीटवर बसली.

गाठ कॅन्सरची निघाली, पण वरच्या थरातच होती. दुर्बिणीतूनच काढता आली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि तो शिव्या घालत का होईना, जातो.

एकदा दवाखान्याच्या जिन्यात चिन्मयी समोर आली. "कसे आहात, काका?"

"तुमच्यापायी हे भोगून राह्यलो," कडूबा म्हणाला आणि कठड्याला धरून खाली उतरत गेला.