मामंजींना घेऊन जव्हारला

नाशिकहून सकाळची मोटार सुटली, तेव्हा शेजारी बसलेल्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, आपण कोण?" संस्थान होतं तेव्हा ते जव्हारच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर आमच्याकडे आले आणि गेल्या दोन वर्षांत सगळंच विसरले. रोज सकाळी ते कचेरीला निघत आणि मी त्यांना अडवत बसे. यजमान फिरतीवर. साध्या हळदीकुंकवालाही माझं बाहेर पडणं होत नसे. जव्हारचा मामंजींनी धोशाच लावला, म्हणून चार दिवस धाकट्या दिरांकडे नेऊन आणायचं ठरवलं.

त्र्यंबक मागे पडलं. डोंगरउतारांवर नागली (नाचणी) कापणीला आली होती. मोखाड्याला मोटार चहासाठी थांबली. मी तांब्या भरून आणते तो मामंजींची जागा रिकामी.

हाका मारत मी रस्त्याने धावले. खरं सांगते, धावताना एकदा मनात आलं, नाहीच सापडले तर? आणि क्षणभर हलकं वाटलं. मग मात्र मी आणखी जोरात हाका मारू लागले.

एका झोपडीच्या ओट्यावर ते नागलीची भाकर खात बसले होते. घरधनीण त्यांच्यावरच्या माशा वारत होती. मला रडू फुटलं. घरी एकटीच त्यांना सांभाळते हे आणि मघाशी मनात आलेलं तेही तिला सांगून टाकलं.

"माजा सासरा बी असाच व्हता," ती शांतपणे म्हणाली. "मलाबी तसंच वाटायचं. मंग आमी चार घरं पाळीनं बसायचो त्याच्यापाशी. तू एकलीच कशापायी बसतीस?"

तिने माझ्याही हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

मोटार आमच्यासाठी खोळंबली होती. कुणी कुरकुरलं नाही.

जव्हारला दुपारची जेवणं झाल्यावर मी दिरांना म्हणाले, "भावजी, हे मला एकटीला होत नाही."

"पण वहिनी, पत्रात तर तुम्ही सर्व कुशल लिहीत होता."

"लाज वाटायची. लोक काय म्हणतील, सुनेला सासरा जड झाला?"

त्यांनी आत निजलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "होळीपर्यंत अण्णा इथे राहतील. पुढेही आपण वाटून घेऊ."

चौथ्या दिवशी मी निघाले, तेव्हा दीर अंगणात मामंजींची दाढी करत होते. मी पाया पडले. मामंजींनी परक्या बाईला द्यावा तसा आशीर्वाद दिला. मला वाईट वाटलं नाही.

परतताना मोटारीत मी गाढ झोपले. त्र्यंबकला जाग आली. मामंजी बरे होणार नाहीत, हे मला कळत होतं. पण होळीनंतर ते पुन्हा घरी यावेत, असं मला मनापासून वाटत होतं.