दोन वर्षांत बसणारं शिक्षण

चंद्रपूरला डॉक्टरांनी बाबांचा अहवाल वाचला आणि म्हणाले, दोन वर्षं. बाबांनी कागद पिशवीत ठेवले. आम्ही बसस्टँडवर आलो.

सिंदेवाहीची बस सुटल्यावर बाबांनी विचारलं, "तुह्या बी.ए.ले किती वर्ष लागते?"

"तीन."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मंग नाई जमत," म्हणाले.

मी नुकताच विज्ञान शाखेतून बारावी झालो होतो आणि मला इतिहास शिकायचा होता. आमच्या घरात शिक्षण पुरं केलेलं कोणी नव्हतं, आणि माझं शिक्षण पुरं झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय जायचं नाही, असं बाबांनी त्या बसमध्येच ठरवलं.

आम्ही तलावावर मासेमारी करणारे. दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मच्छीमार सोसायटीची माणसं जमली, तेव्हा बाबांनी माझा प्रश्न त्यांच्यासमोर मांडला. आमच्याकडे तलावात पाणी किती महिने टिकेल ते पाहून माशांचं बीज टाकतात. पाणी भरपूर असेल तर जिऱ्याएवढी पिल्लं सोडायची. लवकर आटणार असेल तर दुसरीकडे वाढवलेली, बोटाएवढी बोटुकली आणून सोडायची, म्हणजे मासा वेळेत हाताशी येतो.

"पोराले बोटुकलीसारखा टाक," सोसायटीतला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला. "माह्या भाच्याचा पोरगा बारावीवरून डिप्लोमाच्या सिद्धा दुसऱ्या वर्षात गेला. दोन वर्षात बाहेर."

"कशाचा डिप्लोमा, भाऊ?" मी विचारलं.

"ते कायले पाह्यतं? पाणी पाह्य."

तंत्रनिकेतनातल्या कारकुनासमोर बाबांनी दवाखान्याची फाईलच उघडली. "साहेब, दोन वर्षात बसन असं काही द्या."

कारकुनाने फाईल चाळून परत दिली. "काका, दुसऱ्या वर्षाला खाणकामाचीच जागा उरली आहे. एवढी घाई असेल तर सहा महिन्यांचा शिवणकामाचाही कोर्स असतो."

"नाई, एवढंही कमी नोको. दोन वर्ष भेटले हायेत, ते वाया काऊन घालवू?"

अशा रीतीने मी खाणकामाचा विद्यार्थी झालो. तोवर मी गळाला लावायला गांडुळं काढण्यापुरतीच जमीन खणली होती.

शेवटच्या वर्षी सर्वेक्षणाचा पेपर राहिला. घरी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. "म्हणजे मले आनखी सहा महिने थांबावं लागन," एवढंच म्हणाले, आणि आईकडून औषधाची गोळी मागून घेतली.

ते थांबले. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तो आईकडे दिला. मग खाटेवर उताणे पडून डोळे मिटले. आई उशाशी बसली, मी पायाशी. शेजारचे दारात येऊन उभे राहिले. तासाभराने बाबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

त्यानंतर ते मेले नाहीत. तिसरं वर्ष गेलं, चौथं गेलं. मला कोळसा खाणीत नोकरी लागली. बाबा रोज तलावावर जात. लोक विचारत, "काऊन भाऊ, हायेस का अजून?" बाबा खरंच ओशाळत.

पाचव्या वर्षी जाळं विणता विणता ते म्हणाले, "आतालोक तुह्यं बी.ए. होऊन एम.ए. बी झालं असतं ना बे?"

"झालं असतं."

"मले का मालूम, माह्यं पाणी आटनच नाई म्हणून."

मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी राहू दिलं नाही. महिनाभर, जेवताना मध्येच हात थांबवून, "माह्याच्यानं चुकलं," असं म्हणत राहिले. तुम्ही राहिलात तेच बरं झालं, हे मला त्यांना सांगायचं होतं. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही, म्हणून मी त्यांच्या ताटात भात वाढत राहिलो.

या मार्गशीर्षात ते गेले. सकाळी तलावावर निघायच्या आधी, अंगणात.

आता घरात आई आणि मी आहोत. मला खाणीत पाळी असते, सुट्टीच्या दिवशी मी इतिहास वाचतो. कशाचीही घाई उरलेली नाही.