आत्याच्या कुंड्यांना ताण

सौसरला माझ्या आत्याच्या मागच्या अंगणात व्हॅनिलाची वेल होती. आमच्या कोरड्या हवेत गरम-दमट प्रदेशातली झाडं आणून जगवणारी या भागात ती पहिलीच. शाळेत शिकवायची, सुट्टी लागली की केरळ नाहीतर आसाम गाठायची आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरायची. वेल तिनं सगळ्यात आधी आणलेली. घरी आलेल्याला चहाच्या आधी तिची फांदी मिळे. अट एकच: रुजली तर पुढच्याला द्यायची.

आत्या गेली आणि घर रिकामं करायची वेळ आली. माझ्या यादीत सगळ्यात वर कुंड्या होत्या, कारण भांडी थांबतात, झाडं थांबत नाहीत. रामाकोन्याजवळ भावाची संत्र्याची बाग आहे. तिथं आंब्याच्या सावलीत कुंड्या लावून दिल्या आणि मुलीच्या बाळंतपणासाठी इंदूरला गेले.

परत आले तर कुंड्यांतली माती दगडासारखी, वेल सुतळीसारखी.

"पाणी काहून नाही दिलं?"

"अवं ताई, ताणावर हायेत त्या," भाऊ म्हणाला. "बागेचं पाणी तोडलं, तवा या कुंड्यायचंबी तोडलं. ताण दिल्याबिगर बहार येते का? तुले फुलंच दाखवणार होतो."

"संत्री आहेत का ती?"

"आता तू वरडूनच राहिली तर काय सांगू!"

तो खरंच बोलत होता. आमच्याकडे झाडावर जीव असला की माणूस त्याचं पाणी वेळेवर तोडतो.

दोन-तीन अँथुरियम वाचले. कोको गेला, नेचे गेले, वेल गेली. आत्यानं वेलीचे तुकडे कुणाकुणाला दिले होते ती घरं आठवून मी भावाला गाडीत घातलं आणि निघाले. पांढुर्ण्यात एकीची माकडांनी तोडलेली, दुसरीची उन्हाळ्यात जळलेली. आत्याच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "माझी जगली नाही. पण त्याआधी पुढं दिली होती, जामसांवलीच्या देवळापुढच्या हारवालीला."

हारवालीच्या न्हाणीमागे, कायमच्या ओलीत, वेल पार छपरावर चढली होती. आम्ही काय सांगतो ते अर्धं ऐकूनच तिनं विळा आणला. तुकडा भावाच्या हातात ठेवत म्हणाली, "अट ठाऊक हाय ना?"

"हाव," भाऊ म्हणाला.

परतताना ओलं पोतं मांडीवर धरून तो त्याची ओल चाचपत होता. मग विचारलं, "ताई, याले पाणी रोज, का आडदिवस?"

"रोज थोडं. आणि बहाराचं नाव काढायचं नाही."